भिंतीवरून घेतलेली अक्षरं

मी अक्षरं बनवतो. हस्ताक्षर नाही, फॉन्ट. गावाकडे हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. एकदा मामाने विचारलं, "म्हंजे टायपिंग करतं का तू?" मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून सगळ्या नात्यात मी पुण्याला टायपिंग करतो. दोन लग्नपत्रिका आणि तहसीलचा एक अर्ज टाइप करून दे म्हणून मला फोनही येऊन गेलेत.

आता जे सांगायला बसलोय ते माझ्या एका फॉन्टबद्दल आहे. मोठ्या आकारात वापरायचा फॉन्ट; दुकानाच्या पाटीवर, मुखपृष्ठावर, भिंतीवर. परिच्छेदात टाकाल तर डोळे दुखतील. त्याचं कौतुक झालं, आणि कौतुक करताना लोक दर वेळी जी गोष्ट सांगतात ती खोटी आहे. ती मीच सांगितली होती. कुणीतरी कॉलर धरून विचारेल म्हणून बरीच वाट पाहिली. कुणी विचारलं नाही, तेव्हा आता आपणच तोंड उघडलेलं बरं.

आमची वस्ती वाशिम जिल्ह्यात, अनसिंगच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत. सोयाबीन निघालं की अर्ध्या घरांना कुलूप लागायचं. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याला बांधकामावर. माझे बाबा पुण्यावाल्यांत. ते सेंट्रिंगचं काम करायचे. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी त्याला धरून ठेवायला फळ्यांचा साचा उभा करतात ते काम. काँक्रीट घट्ट झालं की साचा काढायचा आणि पुढच्या साइटवर न्यायचा. सात वर्षांचा होईपर्यंत मीही निम्मं वर्ष साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत काढलंय. ही गोष्ट पुण्यात मी कुणालाही सांगितलेली नव्हती. ऑफिसात मी शेतकऱ्याचा मुलगा होतो. ते खोटं नाही, तीन एकर आहेत; पण मी ते अशा आवाजात सांगायचो की ऐकणाऱ्याने तीस समजावेत.

एका हंगामात बाबा एका बंगल्यावर होते. तिथल्या आर्किटेक्टने प्लॅस्टर करायचंच नाही असं ठरवलं होतं. फळ्या काढल्यावर जी भिंत दिसेल तीच भिंत. म्हणजे फळी निवडून घ्यायची, सांध्याला सांधा भिडवायचा, खिळ्याचं डोकं कुठे येईल तेही आधी ठरवायचं. दोन मिस्त्री वैतागून काम सोडून गेले. बाबा राहिले. साचा काढला तेव्हा लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं काँक्रीटवर उमटलं होतं. घरी आल्यावर ते मायला जेवता जेवता सांगायचे, "लाकूड निंगून गेलं वो, अन् त्याचं अंग भितीवर राह्यलं." मायने ते इतक्यांदा ऐकलं होतं की ती नुसती भाकर वाढायची.

मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी आमचं घर बांधलं. दोन खोल्या. तीन भिंती विटांच्या आणि समोरची काँक्रीटची, उघडी, प्लॅस्टर न केलेली. फळ्या त्याच बंगल्यावरच्या, टेम्पोत घालून आणलेल्या. भिंतीत एक दार, आणि छताखाली हातभर उंचीची एकच लांब आडवी खिडकी. भिंत पश्चिमेला घर संपल्यावरही चार फूट पुढे गेलेली, तिच्या आड न्हाणी. वर स्लॅब, तोही बाहेर निघालेला. पश्चिमेकडे जास्त, पूर्वेकडे कमी, कारण आमच्याकडे पावसाची झड त्या अंगाने मारते. बस. ना कमान, ना कठडा, ना देवाची टाइल, ना रंग.

वस्तीने यथेच्छ मजा घेतली. "काय मिस्त्री, गोदाम बांधून राह्यला का?" "प्लॅस्टर काय सरकार देनार हाये का तुले?" बाबा हसायचे. म्हणायचे, "हात लपवाले लागते प्लॅस्टर. हात साफ असन तं कायले?" त्या भिंतीचा त्यांना चांगलाच तोरा होता. कामावरून आले की बाज अंगणात टाकायचे आणि रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मला त्या भिंतीची लाज वाटायची. आजूबाजूची घरं पोपटी, गुलाबी, आकाशी, आणि आमचं राखेच्या रंगाचं. शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचो, काम बाकी हाये. दर दिवाळीच्या आधी बाबांच्या मागे लागायचो, यंदा रंग देता का म्हणून. एकदा वर्गातला एकजण घरी आला, दारात उभा राहून वर पाहायला लागला, आणि त्याने काही बोलायच्या आधीच मी म्हणालो, "प्लॅस्टर होनार हाये, दिवाळी झाली का." बाबा तिथेच बाजेवर होते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हाव, होनार हाये." तो पोरगा पाणी पिऊन गेला, आणि आम्ही दोघं त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

पुढे पुण्यात कॉलेजात असताना सरांनी पडद्यावर परदेशातली काही घरं दाखवली. उघडं काँक्रीट, सपाट स्लॅब, एक फट, फटीतून येणारा उजेड. कमीत कमी गोष्टींत घर उभं करायचं, असा तो वास्तुकलेचा प्रकार, आणि त्याचे मोठमोठे लोक आहेत हे मला तेव्हा कळलं. सगळा वर्ग टक लावून पाहत होता. पडद्यावर आमचं गोदाम होतं. "सर, आमचं घर असंच आहे," हे जिभेवर आलेलं वाक्य मी गिळून टाकलं. लगेच दुसरा प्रश्न आला असता, कोणी बांधलं.

तो प्रश्न यायला सहा वर्षं लागली. मी एका स्टुडिओत लागलो होतो. तिथल्या मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने देवनागरीचा एक डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या आकारात वापरायचा, सुचवायचा. लोकांनी जुनी नाणी, ताम्रपट, मिठाईची खोकी असलं काय काय आणलं. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा भिंतीचे चाळीसेक फोटो काढले.

"कायचे फोटो काढून राह्यला बे इतके?" बाबांनी विचारलं.

"असेच."

मग मी टेप काढला. स्लॅब किती पुढे आहे, खिडकी किती, दार किती. बाबा उठले आणि टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. काहून मोजतो ते विचारलं नाही. मी आकडा चुकीचा वाचला की मात्र लगेच सांगायचे, "सव्वादोन फूट हाये ते. म्याच ठेवलं, मले मालूम नाई का?" दुपारभर आम्ही दोघं स्वतःचंच घर मोजत होतो आणि मी त्यांना काही म्हणजे काही सांगितलं नाही.

फॉन्टला वर्ष गेलं. शिरोरेखा म्हणजे स्लॅब: जाड, सपाट, शब्दाच्या बाहेर निघालेली, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. काना म्हणजे भिंत. 'व'च्या, 'ब'च्या पोटातला गोल काढून तिथे आडवी फट ठेवली. सगळ्याच गोलाया काढून टाकता येत नाहीत, अक्षर मरतं. म्हणून फळी वाकवता येईल तेवढीच गोलाई ठेवायची असा नियम केला. 'ह' आणि 'इ' यांनी जीव खाल्ला. 'क्ष' तर मी रागाने दोनदा डिलीट केला. पण जमत गेलं तसं मला रोज सकाळी ऑफिसला जायची घाई व्हायला लागली, इतकं ते काम मला आवडत होतं.

मग मी ते सगळ्यांसमोर मांडलं. स्टुडिओतले लोक होते, बाहेरचे दोन-तीन आर्किटेक्टही बोलावले होते. शेवटी घराचा फोटो पडद्यावर टाकला आणि सांगितलं की हे आमचं वाशिमकडचं घर. एक आर्किटेक्ट खुर्चीत पुढे सरकले. शिरोरेखा दोन्हीकडे सारखी का नाही, हे त्यांनी विचारलं. मी पावसाच्या झडीचं सांगितलं. ते फारच खूश झाले. म्हणाले, "कुणाचं काम आहे हे?"

बाबांचं म्हणालो तर बाबा काय करतात हे येणार. सेंट्रिंग म्हणालो तर कुठे, कुणाच्या साइटवर, हे येणार. मग पत्र्याची खोली, सार्वजनिक नळ, आणि मी. एवढं सगळं दोन सेकंदांत डोक्यातून गेलं आणि मी म्हणालो, "माहीत नाही. आमच्याकडचा कुणीतरी गवंडी. नाव कुणाला आठवत नाही."

तीस घरांची वस्ती. तिथे कुणाची शेळी कधी व्याली तेही सगळ्यांना माहीत असतं. एका घराचा मिस्त्री कुणाला आठवत नाही, हे पुण्यात कुणालाही विचित्र वाटलं नाही. उलट सगळे एकदम हळवे झाले. कुणीतरी सावकाश म्हणालं, "अज्ञात गवंडी." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात कागदांवर, वेबसाइटवर, भाषणांत तेच आलं: एका अज्ञात गवंड्याच्या भिंतीतून जन्मलेली अक्षरं.

घाबरून बोललो, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सुधारता आलं असतं. महिन्यानेही आलं असतं. मी सुधारलं नाही, कारण मला ते आवडलं होतं. गवंडी अज्ञात असला की नजर सगळी माझी ठरत होती. त्याने आपलं भाबडेपणाने बांधलं, त्याला काय कळतंय, कळलं ते मला, असा त्याचा अर्थ होत होता. बाप खाऊन टाकला मी, आणि ढेकरही दिला नाही.

फॉन्ट बाजारात आणायच्या आधी एक छापील पुस्तिका करायची ठरली. अक्षरांचे नमुने आणि सोबत घराचे चांगले फोटो. मॅडम म्हणाल्या, मोबाइलवरचे चालणार नाहीत, आपण जाऊ, मलाही ती भिंत बघायचीच आहे. मी घरी फोन केला. ऑफिसचे लोक पुढच्या रविवारी घर पाहायला येतीन, एवढंच सांगितलं.

"आपलं घर? काहून?"

"तसंच. पाहाचं हाये त्यायले."

भिंत आवडली म्हणून येतात, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते सांगितलं असतं तर बाबांनी मॅडमला दारातच सांगितलं असतं की ही म्याच घातली. त्यांनी वार पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "बरं. येऊ दे."

रविवारी आम्ही वाशिमहून निघालो. गाडीत मॅडम, फोटोवाला, ड्रायव्हर आणि मी. तुरी उभ्या होत्या, ऊन छान होतं, मी उगाच बडबड करत होतो. वस्तीत शिरल्यावर ड्रायव्हरने विचारलं, कोणतं घर. मी म्हणालो, थांबा, कडुनिंबाच्या पुढे राखाडी भिंत दिसेल. कडुनिंब गेला. वस्ती संपली, शेतं लागली. मी माझ्या घरावरून पुढे निघून गेलो होतो.

गाडी वळवून आणली. घर पोपटी होतं. नवं कोरं प्लॅस्टर, त्यावर पोपटी रंग, खाली चॉकलेटी पट्टा. खिडकीभोवती चौकट काढून तीही चॉकलेटी केलेली. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. बाबा इस्त्रीचा सदरा घालून अंगणात उभे होते, मायने नवं पातळ नेसलेलं. दोघांच्या नखांत रंग होता.

"या मॅडम, या. वास येत असन जरासा रंगाचा. चारच दिवस झाले."

मॅडमनी नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने बॅग खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. मी बाबांना दंडाला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं. माझा आवाज किती चढला होता ते मला आता आठवतं आणि कान गरम होतात.

"कोनं सांगतलं होतं तुमाले हे कराले? कोनं सांगतलं?"

ते गोंधळले. "काहून? चांगलं नाई झालं का? म्या अन् तुह्या मायनं मिळून केलं. माल ती देत होती, म्या मारत होतो. मजूर नाई लावला."

"पन कायले केलं?"

"तुले लहानपनापासून लाज वाटे ना बाप्पा या भितीची," ते म्हणाले. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मी विसरलो असेन म्हणून आठवण करून द्यावी तसे. "तुह्या साहेबलोकायपुढं तरी तुले खाली पाहा नाई लागलं पाह्यजे, म्हनलं."

साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यात जी एक गोष्ट स्वतःच्या मनासारखी केली ती स्वतःच्या हाताने थापून बुजवून बसला होता, आणि ती बुजवताना त्याने सांध्याला सांधा भिडवल्यासारखं प्लॅस्टरही एकसारखं मारलं होतं. तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चाला, ते लोक एकटेच बसले तिकडे."

बाहेर बाजेवर मॅडमना बसवलं होतं. माय पाणी घेऊन आली. मॅडम भल्या बाई आहेत, त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बाबांना म्हणाल्या, "काका, तुमच्या मुलाने इथल्या भिंतीवरून फार सुंदर अक्षरं केलीत. तो सांगत होता, घर बांधणारा गवंडी कोण होता ते कुणाला माहीत नाही. तुम्हाला त्याचं काही आठवतं का? त्याचा काही पत्ता लागेल?"

माय हातात तांब्या घेऊन थांबली. "अवो बाई, कोन म्हंजे, हे तं..."

"तू चहा ठेव," बाबा म्हणाले.

माय माझ्याकडे पाहत राहिली. मी बाजेच्या सुंभाकडे पाहत होतो. बाबांनी मात्र माझ्याकडे एकदाच पाहिलं, फार वेळ नाही. त्यांना सगळं समजलं होतं. मी काय बोललो, का बोललो, आणि ते खोडून काढलं तर या बाईपुढे माझं काय होईल, सगळं.

"होता एक मिस्त्री," ते मॅडमला म्हणाले. "बाहेरचा होता. काम करून गेला निंगून. आता कुठी असन, काय सांगाव."

"चांगला कारागीर होता हो."

"हाव," बाबा म्हणाले. "बरा होता."

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं, चार शब्दांचं. मी कपबशा उचलून सगळ्यांना चहा दिला.

चहा झाला. मॅडम हळहळल्या, त्याचं काम प्लॅस्टरखाली गेलं म्हणाल्या. बाबा जरा चाचरतच म्हणाले, "मांगं न्हानीकडं आतल्या अंगानं राह्यली हाये थोडी. तिथी नाई मारलं प्लॅस्टर, कोन पाह्यते म्हनून. पाहाची असन तं पाहा."

आम्ही न्हाणीच्या आडोशाला गेलो. चार फूट भिंत, ओलीने जरा काळवंडलेली, पण होती. फळ्यांच्या रेषा, गाठी, खिळ्यांच्या डोक्यांची रांग, एका ओळीत. मॅडमनी हात लावून पाहिला. फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने भराभर कॅमेरा काढला, तिपाई लावली. बाबा पुढे झाले, बादली बाजूला ठेवली, साबणाची वडी उचलली, आणि तळहाताने भिंतीवरची जाळी पुसायला लागले. एकेक फळीची रेष वरून खालपर्यंत बोटाने मोकळी करत होते. बराच वेळ करत होते. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

फोटोवाला ताटकळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ते फ्रेममध्ये येताहेत, जरा सांगता का?

"बाबा," मी म्हणालो, "जरा बाजूले व्हा."

ते लगेच झाले, आणि आपली सावली भिंतीवर पडते आहे हे पाहून आणखी दोन पावलं मागे सरकले.